देगेचा नवस

मी नवस बोलले तेव्हा माझा देवावर विश्वास होता की नव्हता, हे आजही मला नीट सांगता येणार नाही. विश्वास होता तो माझ्या उजव्या हातावर, आणि नेमका तोच हात त्या वर्षी खांद्यापासून आखडला होता. केस विंचरायचे तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्यात यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास करावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सोमवारचा दिवस ठरला. अशा वेळी माणसाने गुरूचं नाव घ्यावं. माझ्या मनात मात्र दिवसभर एका बाईचं नाव होतं, आणि तेही प्रेमाने नव्हे. हे लिहायला लाज वाटते, पण तेवढं गाळून पुढचं सांगितलं तर सगळंच खोटं होईल.

आम्ही शीख. माझे वडील पंजाबातून पनवेलला आले ते ट्रकच्या बॉड्या बांधायला. मग कळंबोलीत लोखंडाचा बाजार वाढला, ट्रक वाढले, आणि आमची माणसं तिथेच रुजली. लग्नही त्याच धंद्यातल्या घरात झालं. यांचं वर्कशॉप अजून आहे. माझी शाळा मराठी, शेजार आगरी, त्यामुळे घरी आम्ही पंजाबी बोलत असलो तरी भांडण तापलं की मी मराठीवर येते आणि हे गप्प बसतात.

आमच्या गुरुद्वाऱ्यात दर रविवारी कडाह प्रसाद होतो, त्याला आम्ही देग म्हणतो. शिऱ्यासारखाच, पण रव्याचा नाही, कणकेचा. कणीक, तूप आणि साखर तिन्ही सारख्या वजनाची. आंघोळ करून, डोकं झाकून, तोंडाने पाठ म्हणत तो करायचा, आणि एकदा कणीक तुपात पडली की हात थांबवायचा नाही. थांबला की खाली लागतो. लांब दांड्याचं लोखंडी उलथनं असतं, त्याला खुरपा म्हणतात. तो खुरपा एकोणीस वर्षं माझ्या हातात होता. कोणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, देगेसाठी निरोप मलाच. वरवर मी म्हणायची, अहो ही तर सेवा, करून घेणारा तो. मनातून मला पक्कं ठाऊक होतं की करणारी मी आहे.

खांदा आखडला तेव्हा ग्यानीजींनी, म्हणजे आमच्या गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथींनी, माझ्या हातातून खुरपा काढून जसपालच्या हातात दिला. अगदी हळुवारपणे दिला, ‘बीबीजी, थोडे दिवस आराम करा’ असं म्हणून. पण काढला तो काढलाच.

जसपाल तिशीतली. नांदेडकडची. नवऱ्याबरोबर करंजाडेला राहायला आली होती. नवरा पनवेल स्टेशनाबाहेर किल्ल्या बनवायचा, सुऱ्यांना धार लावायचा. मराठी तिची मराठवाड्यातली, लांब हेल काढून बोलायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जी’ लावायची. गुरुमुखी वाचायला बसली की ऐकत राहावं इतकी स्वच्छ वाचायची. मी काही ऐकत राहत नसे. मी तिची चूक शोधत असे, आणि ती सापडत नसे, म्हणून अजूनच चिडत असे.

तिची पहिली देग झाली त्या रविवारी मी मुद्दाम मागे बसले. प्रसाद वाटत वाटत माझ्यापर्यंत आला. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, गोळा घेतला, जिभेवर ठेवला. कणीक नेमकी बदामी भाजलेली, तूप सुटलेलं, कुठे गुठळी नाही. तरी मी मनाशी म्हटलं, साखर जरा पुढे आहे. साखर पुढे नव्हती हे मला माहीत होतं, सगळं सारख्या वजनाचं असतं. घरी जाताना स्कूटरवर हे मागे वळून म्हणाले, “आज देग छान झाली होती.”

एकोणीस वर्षांत या माणसाने माझ्या देगेला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. खाऊन तळहात दाढीला पुसायचे आणि चपला घालायचे. संध्याकाळी पोळ्या अशा आपटल्या की शेजारच्या मंजुळामावशी विचारायला आल्या, काय फुटलं म्हणून.

त्यानंतर जसपाल माझ्या डोळ्यांत खुपायलाच लागली. तिची ओढणी, तिचं हसणं, लंगरच्या रांगेत म्हाताऱ्यांना हात धरून बसवणं, सगळंच. आमच्याकडे दिवाणाच्या, म्हणजे रविवारी जमून कीर्तन-पाठ ऐकायच्या सभेच्या, शेवटी गुरू ग्रंथसाहेब उघडून त्या पानावरचा हुकूम वाचतात. तो आपल्यासाठी असतो असं मानायचं आणि आठवडाभर मनात धरायचं. त्या काळात जितके हुकूम आले त्यातला अहंकाराबद्दलचा एकही मला माझ्यासाठी वाटला नाही. ‘ऐक बाई, ऐक,’ असं मी मनातल्या मनात जसपालला म्हणायची.

आणि मग मी ते केलं, जे मी करायला नको होतं. लंगरच्या खोलीत आम्ही सात-आठ जणी कांदे चिरत बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “जसपाल, तुमचं आडनाव काय गं?”

“कौर, जी.”

“ते तर आपलं सगळ्यांचंच. पुढचं?”

तिने चिरलेला कांदा पातेल्यात लोटला. मग म्हणाली, “टाक.”

“अच्छा,” मी म्हणाले. “सिकलीगर.”

एवढंच. पुढे काही नाही. सिकलीगर म्हणजे हत्यारांना पाणी देणारे, धार लावणारे, कुलूपकिल्ल्या करणारे. गुरूंच्या फौजेची शस्त्रं घडवणारी माणसं. त्यात कमी काय आहे? काहीच नाही. पण माझ्या ‘अच्छा’मध्ये जे होतं ते तिथल्या सगळ्याजणींना कळलं. कांदे चिरणारे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

तो ‘अच्छा’ मी कुठून शिकले तेही सांगते. मी दहा-अकरा वर्षांची असताना आम्ही एका मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरी लग्नाला गेलो होतो. जाट शीख, पिढीजात जमीनवाले. त्यांच्या घरातल्या एका काकूंनी माझी वेणी कुरवाळत आमचं आडनाव विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, मठारू. “अच्छा,” त्या म्हणाल्या, “तरखाण.” म्हणजे सुतार. आणि वेणीवरचा हात काढून घेतला. माझ्या वडिलांनी बांधलेल्या बॉडीचे ट्रक त्यांच्याच अंगणात उभे होते. रात्री मी आईला विचारलं, गुरूंनी सगळ्यांना सिंह आणि कौर केलं, सगळ्यांना एका पंगतीत बसवलं, मग हे काय? आई म्हणाली, “गुरूंनी केलं बाळा, माणसांनी अजून केलं नाही.” मी ते विसरले नव्हते. सगळं आठवत असूनही मी तसंच वागले, हेच वाईट.

हे असं चालू असताना यांची बायपास ठरली. मंजुळामावशींचा मला आईसारखा आधार. त्या कळंबोलीच्या जुन्या गावातल्या. उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, “तू नवस बोल गो. आमी एकवीरेला बोलतो, तू तुज्या गुरूला बोल. सोताच्या हातानं काय तरी करीन म्हन. हातचा नवस असंल तर देव नाय म्हनत नाय.”

आमच्यात नवस नसतो. आमच्यात अरदास असते, म्हणजे उभं राहून, हात जोडून मागायचं आणि मग त्याची मर्जी म्हणून सोडून द्यायचं. पण मी वाढले या गावात, या बायकांत. मला मागून सोडून देणं कधी जमलंच नाही. मी तिथेच बोलून टाकलं, ऑपरेशनच्या आदल्या रविवारची देग मी माझ्या हाताने करीन, आणि यांना सुखरूप घरी आण. बोलताना मनात यांचा चेहरा होता हे खरं. पण त्याच्या मागे, जरासा बाजूला, जसपालचाही होता. त्या निमित्ताने खुरपा एकदा परत माझ्या हातात येणार होता.

ग्यानीजींना सांगितलं तर ते माझ्या खांद्याकडे बघून नको म्हणतील, म्हणून मी त्यांना काही सांगितलं नाही. शुक्रवारी जसपालला फोन केला.

“या रविवारी देगेला येऊ नकोस,” मी म्हणाले. “कमिटीने दुसरी व्यवस्था केली आहे.”

“बरं जी,” ती म्हणाली. मग विचारलं, “काकाजींची तब्येत कशी हाय? मी रोज पाठ करायले त्यांच्यासाठी.”

मी ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. माझ्या नवऱ्यासाठी तिने पाठ करावा याचाही मला राग आला. इतकी मी खाली गेले होते.

रविवारी सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सलवार-कमीज घालून मी देगेच्या खोलीत गेले. ही खोली लंगरपासून वेगळी, लहानशी, तिच्या भिंतीला लागून जोडाघर, म्हणजे संगतीचे, जमलेल्या भाविकांचे, जोडे सांभाळायची खोली. कोणी माझा हात बघू नये म्हणून मला दार आतून लावायचं होतं. कडी वर, घट्ट बसणारी. उजवा हात तिथपर्यंत जाईना. डाव्याने दोनदा ढकलली, ती सरकली नाही. चरफडत मी दार नुसतं लोटून घेतलं.

तूप वितळलं, कणीक टाकली, पाठ सुरू केला. पहिली पाच मिनिटं सगळं जुन्यासारखं वाटलं. तोच वास, तोच खुरप्याचा कढईवर घासण्याचा आवाज. मी मनात म्हटलं, बघ, मला कोणाची गरज नाही. कणीक भाजत आली की जड होते, आणि संगत मोठी असली की कढईही मोठी. दुखणं खांद्यातून मानेत गेलं, मानेतून बोटांत उतरलं. मी डाव्या हाताने जोर लावला. डाव्याला सवय नाही, खुरपा तळाला नीट लागेना. पाठातली पुढची ओळ आठवेना. आणि मग उजवा हात थांबला. मी थांबवला नाही, तो आपोआप थांबला. खुरप्यावर बोटं होती, पण त्यांच्यात जीव नव्हता.

कणकेचा वास बदलायला लागला. बदामीच्या पुढे एक पायरी असते, तिथून परत येता येत नाही. हाक मारली असती तर लंगरमधून चार जणी धावत आल्या असत्या. पण हाक मारायची म्हणजे सगळं सांगायचं, खोटा फोनसुद्धा. आणि दुसऱ्याने खुरपा घेतला की नवस मोडला. नाही मारली तर देग करपणार, आणि करपलेली देग गुरूसमोर कशी ठेवणार? तोही नवस मोडलाच. आत दिवाणात हे पांढरी पगडी बांधून बसले होते, दुसऱ्या दिवशी त्यांची छाती उघडणार होते, आणि इथे मी कढईसमोर रडत उभी. त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या तोंडून खरी अरदास निघाली. शब्दसुद्धा धड नव्हते. मी म्हणाले, माझ्याने होत नाही.

दार ढकलून जसपाल आत आली. तिच्या हातात जोडे पुसायचं फडकं होतं. ते बाहेर फेकून तिने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि धावतच कढईपाशी आली.

“कणीक पुढं गेल्याचा वास आला जी, भिंतीपलीकडं,” ती म्हणाली, आणि खुरप्याला हात घातला.

मी ओरडलेच. “नको! सोड! मी बोललेय, माझ्या हाताने करीन म्हणून. यांच्यासाठी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणच असेल, त्याहून जास्त वेळ कणकेकडे नव्हता. मग म्हणाली, “मग हात काढू नका. ठेवा तसाच.”

तिने माझ्या मागे उभं राहून आपले दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि खुरपा फिरवायला लागली. माझा मेलेला हात तिच्या हाताखाली फिरत होता. दांड्याला तिची बोटं कमी आणि माझी जास्त लागलेली. “आच कमी करा जी, पायानं,” ती म्हणाली, आणि मी शेगडीचा खालचा खटका पायाने सरकवला. तिने पाठ सुरू केला, नेमका मी जिथे विसरले होते तिथून नव्हे, अगदी पहिल्यापासून. मी तिच्या मागोमाग म्हणत गेले. बाजूला तयार असलेला साखरेचा पाक तिने एका हाताने ओतला, वाफ अंगावर आली, आम्ही दोघी खोकलो, पण खुरपा थांबला नाही. कढईच्या कडा सोडून गोळा मध्ये जमा झाला तेव्हा तिचं कपाळ माझ्या त्या दुखऱ्या खांद्यावर टेकलं होतं, दमून.

देग एक छटा गडद झाली होती. मला आणि तिलाच कळली असेल. अरदास झाली, ग्यानीजींनी किरपाण लावून प्रसाद गुरूंना अर्पण केला, यांच्या ऑपरेशनसाठी संगतीने हात जोडले, आणि वाटप झालं. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याला तेवढाच गोळा, त्याच्या क्लीनरला तेवढाच, जसपालच्या नवऱ्याला तेवढाच. इतकी वर्षं मी हे वाटप पाहत होते, आणि सगळ्यांचं सारखं असतं हे मला त्या दिवशी दिसलं. यांनी प्रसाद खाल्ला, तळहात दाढीला पुसला आणि काहीच बोलले नाहीत. तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ऑपरेशन नीट झालं. आठव्या दिवशी हे घरी आले. नवसाने आले, डॉक्टरांच्या हाताने आले की जसपालच्या पाठाने, यात मी शिरत नाही. ग्यानीजींना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बीबीजी, आपल्याकडे सौदा नाय होत. तुम्ही सौदा केला, गुरूने अरदास ऐकली.” मला मात्र राहून राहून ती कडी आठवते. ज्या हाताच्या नावाने मी वर्षभर बोटं मोडली, तो कडीपर्यंत पोचला नाही म्हणून दार उघडं राहिलं. मी माझ्या मनाने बंद करायचा सगळा प्रयत्न केला होता.

जसपालला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. महिनाभर टाळलं. एका रविवारी जोडाघरात ती एकटी होती. मी बाकावर बसले आणि फोनचं सांगून टाकलं.

“माहीत होतं जी,” ती म्हणाली. “ग्यानीजीला इचारलं व्हतं मी. ते म्हणले, कोणती व्यवस्था? मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या जी, आंटीजीच्या मनात काही आसल. घरात माणूस आजारी आसलं की मन थाऱ्यावर राहत नाही. देग नाही तर जोडे करू म्हणलं, आले.”

“आणि ते आडनावाचं...” मी म्हणाले.

ती बराच वेळ एक बूट पुसत राहिली. मला वाटलं, म्हणेल, काही नाही जी, विसरले. तसं म्हणाली असती तर मी सुटले असते.

“त्या दिवशी घरी जाऊन लई रडले मी,” ती म्हणाली. “मालकाला नाही सांगितलं. त्याला वाईट वाटलं असतं.”

मी तिच्या पायांना हात लावायला वाकले, तर तिने मला वरच्या वर धरलं. तेही नेमकं दुखऱ्या खांद्याला. मी कळवळले, आणि मग आम्ही दोघीही रडता रडता हसलो.

आता दर रविवारी खुरपा तिच्या हातात असतो आणि जोडाघरात मी असते. या कामाला डावा हात पुरतो. कोणाचे जोडे कुठल्या आडनावाचे हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नाही, चिखल सगळ्यांना सारखाच लागलेला असतो. जसपालच्या निळ्या पट्ट्याच्या चपला मात्र मी ओळखते. त्या आधी काढून ठेवते, पुसते, आणि आमच्या रीतीप्रमाणे ती धूळ बोटाने कपाळाला लावते. मत्सर गेला का? भिंतीपलीकडून भाजलेल्या कणकेचा वास येतो, बाहेर पडताना लोक देग छान झाली म्हणतात, तेव्हा अजून आत कुठेतरी टोचतं. मी ते लपवत नाही. गुरूला सांगते, माझ्याने होत नाही, आणि तिची दुसरी चप्पल पुसायला घेते.